दहापैकी सहा

दादाने खिडकीच्या पडद्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर ओढल्या आणि वरपासून खालपर्यंत कपडे वाळत घालायचे सहा चिमटे लावले. तरी खालच्या कोपऱ्यातून उन्हाची एक रेघ फरशीवर येतच होती. तिथे त्याने सोफ्यावरची उशी टेकवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि समाधान झाल्यावर म्हणाला,

"हां. आता लाव."

रिमोट धाकट्या बहिणीच्या हातात होता. घड्याळात अडीच वाजले होते. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा, म्हणजे पावणेपाचच्या आत संपणार. सहाला काका येणार होते आणि दादाच्या मुलीला पंधरा दिवसांसाठी आपल्या घरी घेऊन जाणार होते. मधल्या सव्वा तासात जे सांगायचं ते तिला सांगून टाकायला हवं होतं. तिने बटण दाबलं नाही. म्हणाली,

"आधी सांग, ती दीपस्तंभवाली मालिका संपवलीस का?"

"संपवली कसली, सोसली." दादाने पाय वर घेऊन मांडी घातली. "आठ भाग! माल तीन भागांचा. उरलेले पाच भाग नायक समुद्राकडे बघतोय. समुद्र त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. दहापैकी साडेतीन दिले. त्यातले तीन समुद्राला."

"आणि वकीलबाईची?"

"तिचं नाव काढू नकोस, बारके. कोर्टात येईल तो साक्षीदार रडतो. अगं, माणूस खोटं बोलताना रडतो, खरं बोलताना अडखळतो. मी रोज बघतो की. आणि अंधार किती! हल्ली गंभीर काही दाखवायचं म्हणजे आधी घरातले दिवे घालवायचे. एवढी पैसेवाली माणसं, एक ट्यूबलाइट लावायला काय होतं त्यांना?"

तिला हसू आलं. ते मुद्दाम आणलेलं नव्हतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

दादा विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. बंपर कुठे चेपलाय, रंग कुठे खरवडलाय आणि मालक सांगतो ती हकिकत त्याच्याशी जुळते का, हे बघायचं. गाडी झाडावर आपटली म्हणून छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या दिव्यात अडकलेला विटेचा चुरा तो बरोबर हुडकून काढायचा. सहा दिवस गाड्या आणि सातव्या दिवशी सिनेमे, पण नजर तीच. त्याची मतं वाचायला सहाशे माणसांचा एक ग्रुप होता. तिथे त्याला सगळे 'परीक्षक' म्हणायचे, आणि रविवारी संध्याकाळी परीक्षकांनी किती गुण दिले हे कळल्याशिवाय काही जण तिकीटच काढत नसत. इतर बाबतीत दादा चारचौघांसारखाच सोयीपुरतं खोटं बोलायचा. न आवडलेल्या जेवणाला छान म्हणायचा, घरी असून नाही म्हणून सांगायला लावायचा. सिनेमाच्या बाबतीत मात्र नाही. त्याच्या साहेबांच्या मुलाने एक लघुपट केला होता. हॉलभर टाळ्या झाल्यावर साहेबांनी कौतुकाने विचारलं, तर ह्याने त्यांच्या तोंडावर दोन गुण दिले. बढती वर्षभर लांबली. तरी दोनाचे अडीच केले नाहीत.

बहीण एका प्रयोगशाळेत रक्त तपासणीचं काम करायची. दोघांचं बोलणं व्हायचं ते सिनेमांबद्दल, आणि इतर कशाहीबद्दल बोलायचं असलं तरी सिनेमांबद्दलच. ह्या घराण्यात सरळ बोलायची पद्धतच नव्हती. वडील गेले त्या आठवड्यात दोघांनी एका युद्धपटातल्या बापावरून तासभर वाद घातला होता. तिचं लग्न मोडलं तेव्हा दादाने विचारपूस केली नाही. एका विधवेची मालिका सुचवली आणि एवढंच लिहिलं, "शेवटचा भाग बघ." तिने पाहिला. त्यातली बाई सकाळी उठून स्वतःपुरता चहा करते आणि तो गरम असताना पिते. दादाला काय म्हणायचंय ते तिला पोचलं होतं. कुणी समोर बसून समजावलं असतं तर तिला ते सहन झालं नसतं.

म्हणून तिने हा सिनेमा आणला होता.

गुरुवारी वहिनीचा फोन आला तेव्हा ती कामावर होती. वहिनीला पंधरा दिवस बाहेरगावी प्रशिक्षणाला जायचं होतं, दादाचे दौरे चालूच होते, आणि काकांनी आपणहून मुलीला, भिंगरीला, माझ्याकडे पाठवा म्हटलं होतं. काकू गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाले. "केवढी सोय झाली गं," वहिनी म्हणाली. बहिणीच्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. तिच्यावर नाव चिकटवायचं राहिलं आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं लागलं. बारा वर्षांच्या नोकरीतली ही तिची पहिली चूक. फोनवर ती फक्त "बरं" म्हणाली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लहानपणी ही दोघं भावंडं सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायची. काकांकडे तेव्हा व्हिडिओ होता. दुपारी काकू कामावर गेली की काका दादासाठी कॅसेट आणायचे, कधीकधी दोन. दादाला खालच्या खोलीत टीव्हीसमोर बसवायचे आणि तिला गणित शिकवायला माडीवर न्यायचे. ती नऊ वर्षांची होती. अशा तीन सुट्ट्या झाल्या आणि गणित एकदाही झालं नाही. जे झालं त्याचं नाव तिला पुष्कळ पुढे, वर्तमानपत्रातल्या बातम्यांमधून कळलं. आईला सांगायला ती दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा आई काकांचंच कौतुक करत होती. दादाला सांगायचा प्रश्न नव्हता. तो खाली सिनेमात बुडालेला असायचा, त्याला जगाचं भान नसायचं. त्या घरातून तिने एकच गोष्ट शाबूत बाहेर आणली होती, ती म्हणजे दादाला काही माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं ती हे धरून होती.

"लाव की," दादा म्हणाला. "कशाची वाट बघतेस?"

तेवढ्यात आतून भिंगरी धावत आली. आठ वर्षांची, एका जागी म्हणून ठरायची नाही, यावरून ते नाव पडलेलं. तिने अंधारात ठेचकाळत आत्याचा गुडघा पकडला.

"आत्या, आजोबांकडे मांजरीची चार पिल्लं आहेत. नावं मी ठेवायची. ते म्हणालेत, मी येईपर्यंत कुणीच ठेवणार नाही."

"हो का?" आत्या म्हणाली. 

"चार नावं लागतील. दोन झालीयेत."

"भिंगरे, बाहेर हो," दादा म्हणाला. "सिनेमा मोठ्यांचा आहे."

भिंगरी शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला गेली. वहिनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात इस्त्रीचे कपडे होते.

"तूही बस ना, वहिनी."

"नको गं बाई. दोन तास बसून रडायला वेळ कुणाला आहे? मला दोन बॅगा भरायच्यात." आणि दादाकडे बघून म्हणाली, "सिनेमाचं राहू दे, आधी हिला किती मार्क देणार ते सांग. आल्यापासून तोंड उतरलंय हिचं."

ती आत गेली. बहिणीने बटण दाबलं.

सिनेमा साधा होता. एक बाई बऱ्याच वर्षांनी आईवडिलांचं घर आवरायला येते. भाऊही येतो. दोघं कपाटं रिकामी करतात, खोक्यांवर चिकटपट्ट्या लावतात. अधूनमधून जुने दिवस दिसतात. आठवड्यातून दोनदा घरी व्हायोलिनचे शिक्षक येतात, मुलगी वही घेऊन आत जाते, दार लागतं. भाऊ बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून चित्राचे तुकडे जुळवत असतो. मोठं, हजार तुकड्यांचं चित्र. कॅमेरा दाराच्या आत एकदाही जात नाही.

पहिली वीस मिनिटं दादा नेहमीसारखा बोलत होता. खोकी रिकामी आहेत, उचलताना बाईच्या दंडावर ताण येत नाही, असं म्हणाला. घराला रंग ताजा आहे, म्हणे बंद घर! भिंतीवरच्या घड्याळात मघाशी पाच वाजले होते, आता पावणेपाच. तो "पकडलं!" म्हणून मांडीवर थाप मारायचा आणि ती "बरं, अर्धा गुण काप" म्हणायची. दार पहिल्यांदा लागलं तेव्हा तो म्हणाला, "कॅमेरा आत नेला नाही, हे शहाणपणाचं. दुसरा कुणी असता तर आत घुसला असता."

दार दुसऱ्यांदा लागलं तेव्हा तो काही बोलला नाही.

तिसऱ्यांदा दार लागलं आणि पडद्यावर बराच वेळ नुसतं ते दार आणि पालथा पडलेला मुलगा राहिला. संगीत नव्हतं. दादाने मांडी मोडली, पाय खाली सोडले. बहीण पडद्याकडे बघतच नव्हती. हा सिनेमा तिने दोन महिन्यांपूर्वी पाहिला होता, तोही दोन बैठकांत, कारण एका बैठकीत जमला नव्हता. ती दादाकडे बघत होती. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर कमीजास्त होत होता. घड्याळ पुन्हा चुकलं, आठाचे सात झाले, तरी त्याने ते पकडलं नाही. त्याच्या ध्यानात येतंय, असं तिला वाटलं. आता आपल्याला फार बोलावं लागणार नाही, अर्धं काम सिनेमाने केलं, उरलेलं अर्धं एका वाक्याचं आहे. 

दादा एकदा पाणी प्यायला उठला. ती सिनेमा थांबवायला लागली तर म्हणाला, "चालू दे." परत यायला त्याला वेळ लागला.

शेवटी त्या घराच्या जिन्यावर बाई भावाला सगळं सांगते. भाऊ ऐकतो, पांढराफटक पडतो, मला काहीच कळलं नाही गं, म्हणून तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून रडतो. ती त्याच्या केसांतून हात फिरवते. खोक्यांनी भरलेला ट्रक निघून जातो. अक्षरं वर सरकायला लागली.

दादाने दिवा लावला. पडद्याचे चिमटे तसेच राहू दिले.

"किती?" तिने विचारलं.  पाच वाजायला वीस मिनिटं कमी होती.

"सहा."

"सहाच?"

"कॅमेरा चांगला आहे. बाईचं काम चांगलं आहे, एकदाही कॅमेऱ्याकडे तोंड करून रडत नाही. दार दाखवलं, आतलं नाही. संगीत कमी. आठापर्यंत गेला असता." तो रिमोट हातात फिरवत होता. "भावाने घालवला."

"भावाचं काम वाईट आहे?"

"कामाचं नाही गं. लिहिलाच खोटा आहे त्याला. शेवटी तो म्हणतो, मला काहीच कळलं नाही. असं होत नाही. दहा-बारा वर्षांचा पोरगा, भिंतीपलीकडे बसलाय. आठवड्यातून दोनदा तेच. पोरांना सगळं कळतं. शब्द नसतात त्यांच्याकडे, पण कळतं."

"मग कसा हवा होता?"

आणि इथे दादाच्या चेहऱ्यावर ते तेज आलं, जे त्याला सिनेमा दुरुस्त करताना नेहमी यायचं. तो पुढे सरकून बसला, दोन्ही हात हवेत आणले.

"सोपं आहे. तो चित्र जुळवतोय ना? शेवटचा तुकडा त्याच्या हातात आहे. जागा समोर दिसतेय. पण तो बसवत नाही. हातात धरून बसतो, इकडून तिकडून फिरवून बघतो, जणू बसतच नाहीये. कारण चित्र पूर्ण झालं की त्याला उठावं लागेल. उठला की काहीतरी करावं लागेल. म्हणून तो ते पूर्णच होऊ देत नाही. एक शब्द नाही, संगीत नाही. मी साडेआठ दिले असते, बारके. साडे—"

त्याचे हात हवेतच राहिले. मग त्याने ते हळूच खाली आणून मांडीवर ठेवले.

आतल्या खोलीत वहिनी कपाटाचं दार उघडत होती, लावत होती.  दादाच्या बाबतीत बहिणीची एकच खात्री होती, की सिनेमाबद्दल तो कधी खोटं बोलणार नाही. त्याच खात्रीवर विसंबून ती हा सिनेमा घेऊन आली होती.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"त्या भावाला."

दादाने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. तो काळ्या पडद्याकडेच बघत होता.

"पहिल्याच सुट्टीत," तो म्हणाला.

"मग बोलला का नाही तो?"

"कुणाला सांगणार? बारा वर्षांचा होता." त्याचा आवाज खाली गेला. "आणि अजून एक कॅसेट बघायची राहिलेली असायची."

सिनेमात कॅसेट नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं, आणि चूक पकडणारा दादा ह्या वेळी गप्प होता. तिला वाटलं आपण ओरडू, पण ओरडली नाही. फक्त खूप थंडी वाजायला लागली. इतकी वर्षं मनात एक मुलगा होता, तोंड उघडं ठेवून सिनेमा बघणारा, कशाचाच पत्ता नसलेला. माडीवरच्या त्या खोलीत त्याचाच आधार असायचा. खाली दादा आहे, त्याला माहीत नाही, माहीत असतं तर तो धावत वर आला असता. तो मुलगा आता नव्हताच. कधी नव्हता.

"आणि भिंगरीला पाठवत होतास?"

"काका आता थकलेत गं." दादा पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. डोळे लाल झाले होते, पण पाणी नव्हतं. "काठी घेतल्याशिवाय चालता येत नाही त्यांना. बहात्तर वर्षांचे आहेत. मी रोज फोन करणार होतो. सकाळ-संध्याकाळ. व्हिडिओ कॉल."

"रोज फोन करणार होतास. म्हणजे तुला भीती होती."

"नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, बारके. हिने विचारलं असतं, का नको म्हणून, काकांनीही विचारलं असतं. मी काय सांगणार होतो? हिला काय सांगणार होतो, की मी..." वाक्य तिथेच अडलं. रोज खरंखोटं करणारा तो माणूस, अडखळणारा म्हणजे खरा, असं म्हणणारा. "मला वाटलं, तू विसरली असशील. तू कधी बोलली नाहीस. कधीच नाही. मला वाटलं, विसरली असेल तर आपण कशाला."

ती उठली. 

"कुठे चाललीस?"

तिने सांगितलं नाही. दादा तिच्या मागे उठला, दोन पावलं आला आणि टीपॉयपाशी थांबला.

"बारके, मी सांगतो तिला. मी काहीतरी सांगतो. भिंगरीला ताप आहे म्हणून सांगू. आज नको जायला, पुढचं पुढे बघू."

"काहीतरी नको," ती म्हणाली.

आतल्या खोलीत पलंगावर दोन बॅगा उघड्या होत्या. मोठी वहिनीची. छोटीत भिंगरीचे सहा फ्रॉक, रंगखडूंचा डबा, दात घासायचा ब्रश नव्या डबीत, आणि सगळ्यात वर चिकटवलेला कागद, त्यावर वहिनीच्या अक्षरात काकांसाठी सूचना. दूध कोमट लागतं. रात्री दिवा पूर्ण घालवू नये. वहिनी चेन ओढायचा प्रयत्न करत होती आणि टॉवेल मध्ये येत होता.

"झाला का सिनेमा? किती दिले?"

"वहिनी, जरा बस."

"अगं, पाच वाजत आले, अजून माझं—"

"बस."

वहिनी टॉवेल हातात घेऊनच पलंगाच्या कडेला बसली. बहिणीने दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. कोण, कुठे, ती किती वर्षांची होती, किती सुट्ट्या. कामावर ती रिपोर्ट वाचून दाखवायची त्याच आवाजात, एकामागून एक. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सत्तावीस वर्षं ज्याला पुरी पडली नव्हती ते दोन मिनिटांत आटोपलं, याचा तिला रागच आला. शेवटी म्हणाली, "भिंगरीला पाठवू नकोस. आज नाही, आणि कधीच नाही."

वहिनी रडली नाही. "अगं बाई" म्हणाली नाही. तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग उठून तिने छोट्या बॅगेवरचा सूचनांचा कागद काढून घेतला आणि त्याचे आधी दोन, मग चार, मग आणखी बारीक तुकडे केले. फ्रॉक बाहेर काढले. एकेक करून नाही, दोन्ही हातांनी कवळून एकदम.

"मी फोनवर तुला म्हटलं," ती म्हणाली. "केवढी सोय झाली म्हणून."

"तुला कुठे माहीत होतं."

"तू बरं म्हणालीस."

"हो."

वहिनी तिच्याजवळ आली. तिने नणंदेचे दोन्ही हात मनगटापाशी घट्ट धरले. वहिनीचे हात घामाने ओले होते.  मग वहिनीच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. तिने दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून हॉलमधला उजेड दिसत होता.

"ह्याला माहीत होतं?" तिने हळूच विचारलं.

बहिणीने तोंड उघडलं. नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. दादाचं घर राहिलं असतं, भिंगरीचा बाप राहिला असता, आणि भिंगरी तर आता जात नव्हतीच. वडिलांच्या आजारपणात रात्र रात्र बसणारा दादा, तिचं लग्न मोडलं तेव्हा न बोलता मालिका पाठवणारा दादा. वहिनी वाट बघत होती. तिच्या बोटांची पकड सैल झाली नव्हती.

बाहेर बेल वाजली.

दोघी हलल्या नाहीत. काका सहाला येतो म्हणाले होते, आणि अजून पाचच वाजत होते. मांजरांची पिल्लं घरी एकटी होती, म्हणून लवकर निघाले असतील. हॉलमध्ये दादाची पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. कडी निघाली. फरशीवर काठीचं टोक टेकल्याचा आवाज आला.

"या काका, या," दादा म्हणाला. "सावकाश. पायपुसणं आहे तिथे, बघा हं. गाडी लावायला जागा मिळाली ना नीट?"

"मिळाली रे. काय हे, दिवसाढवळ्या पडदे ओढून बसलाय? सिनेमा का?"

"हो ना. तुम्हीच लावलेली सवय." दादा हसला. "बसा, बसा. पाणी आणतो."

आवाजात काडीचाही फरक नव्हता. अदबशीर, घरगुती, पाहुणा आला की निघतो तसा. वहिनी मान किंचित कलती करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली. बहीणही ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने वहिनीवरची नजर काढून खाली पाहिलं.

वहिनीने आपला प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिने नणंदेचे हात सोडले, साडीच्या पदराने तोंड पुसलं आणि उशाशी पडलेला फोन उचलून शेजारी लावला.

"हॅलो. मी बोलतेय. भिंगरी तुमच्याकडेच आहे ना? तिला तिथेच ठेवा. नाही, तिचे बाबा न्यायला आले तरी नाही. मी स्वतः येईपर्यंत तिला कुणाकडेही देऊ नका."

मग तिने फोन ठेवला आणि स्वतःची मोठी बॅग पलंगावर उलटी केली. प्रशिक्षणासाठी भरलेले कपडे बाजूला सारून त्यात भिंगरीचे सहाही फ्रॉक भरले, रंगखडूंचा डबा भरला, वरून आपले दोन जोड टाकले आणि चेन ओढली.

"तुझ्याकडे एकच खोली आहे ना गं?" तिने विचारलं.

"एकच."

"पुरेल," वहिनी म्हणाली, आणि दार उघडलं.